न टोचलेली सुई

१९९६ च्या पावसाळ्यात भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात एका डॉक्टरांनी माझ्या पोटात घालायला घेतलेली जाड सुई न वापरता परत ट्रेमध्ये ठेवली. पुढे माझं ऑपरेशन झालं, औषधोपचार झाले, आणि त्यात ज्यांचा ज्यांचा हात लागला त्या सगळ्यांचं मी देणं लागते. तरी पहिलं आणि मोठं देणं त्या परत ठेवलेल्या सुईचं. त्या डॉक्टरांना स्वतःचं नाव छापून आलेलं आवडणार नाही, म्हणून इथे मी त्यांना नुसतं डॉक्टर म्हणेन. ते का थांबले, थांबायचं असतं हे त्यांना कळलं कुठून, आणि ते ज्ञान कुणाकुणाच्या हातून भोपाळपर्यंत आलं, हे मी पुढे जमेल तसं वाचत आणि विचारत गेले. जसजसं कळत गेलं तसतशी ज्यांचं देणं आहे त्या माणसांची यादी लांबत गेली. त्यात कधीच मरून गेलेले परदेशी डॉक्टर आहेत, शेजारच्या आपा आहेत, आणि पारनेरच्या माळावर मेंढरं घेऊन हिंडणारं एक कुटुंबही आहे.

लग्न होऊन मी पारनेर तालुक्यातून भोपाळला आले ती सत्तरच्या दशकात. आमचे हे राज्य सरकारच्या नोकरीत, त्यामुळे बिऱ्हाड तुलसीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्या भागाला भोपाळचा रिक्षावाला अजूनही 'बारह सौ पचास' म्हणतो. १९९६ च्या उन्हाळ्यापासून मला उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं होतं. दुखणं असं नव्हे. जेवल्यावर पोट लवकर भरल्यासारखं व्हायचं, उजव्या कुशीवर झोपलं की आत काहीतरी दबल्यासारखं वाटायचं. मधे एकदा तापही येऊन गेला. शहरातल्या एका दवाखान्यात दाखवलं, तेव्हा लिव्हर हाताला लागतंय असं सांगून त्यांनी यकृतात पू झाल्याचं निदान केलं. आपल्याकडे अमीबाच्या आवेने यकृतात पू होणं हे काही दुर्मीळ नाही, पावसाळ्यात तर नाहीच. त्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी तोंड कडू झालं, पोटातला जडपणा मात्र होता तसाच राहिला. मग सुईने पू काढून टाकू असं ठरलं आणि त्यासाठी चिठ्ठी घेऊन आम्ही हमीदियाला गेलो. पू झालेला असता तर तो उपाय चुकीचा नव्हता. अशा सुया रोज लागतात आणि माणसं त्यांनी बरी होतात.

हमीदिया फत्तेगढच्या चढावर आहे, खाली मोठा तलाव. सोनोग्राफीच्या खोलीत अंधार होता. डॉक्टरांनी पोटावर गार जेल लावून यंत्राचा माउस फिरवायला सुरुवात केली. सहायकाने सुई, बधिर करायचं इंजेक्शन, पू घ्यायची बाटली सगळं मांडून ठेवलं होतं. डॉक्टरांनी सुई हातात घेतली, नेमकी जागा ठरवायला पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, आणि मला म्हणाले, "ज़रा बाईं करवट लीजिए." मी कूस बदलली. "अब सीधे." पुन्हा सरळ झाले. "फिर से करवट." असं बराच वेळ चाललं. हे दाराशी उभे होते, त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. मग डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली, दिवा लावायला सांगितला, स्टूल ओढून माझ्या उशाशी बसले आणि विचारलं, "आपका बचपन कहाँ गुज़रा?"

मी गाव सांगितलं. घरी कुत्रा होता का? होता. मेंढ्या-बकऱ्या? आमच्या नव्हत्या, पण शेतात बसायच्या. त्यांनी मेंढ्या शेतात बसतात म्हणजे काय ते समजून घेतलं. मेंढ्यांबरोबर कुत्रे असायचे का? मेंढी कापली तर आतलं काय करायचे? एवढं सगळं विचारून झाल्यावर ते ह्यांना म्हणाले, "आज सुई नहीं लगेगी. ये मवाद नहीं है."

त्यांना पडद्यावर काय दिसलं ते त्यांनी नंतर मला समजावून सांगितलं. पू असला की तो गढूळ दिसतो, कडा अस्पष्ट असतात. माझ्या यकृतात साधारण १० सेंटिमीटरची गोल पोकळी होती, आत स्वच्छ पाणी. भिंतीला दुहेरी रेघ होती. आणि मी कूस बदलली की त्या पाण्यात तळाशी बसलेले बारीक कण उठून तरंगायचे आणि सावकाश पुन्हा खाली बसायचे. ते कण पाहण्यासाठी त्यांनी मला पुन्हा पुन्हा वळवलं होतं. तो होता हायडॅटिड सिस्ट, कुत्र्याच्या आतड्यात राहणाऱ्या एका चपट्या जंताची गाठ. ते कण म्हणजे त्या जंताची हजारो बाळमुंडकी.

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी चित्र काढलं. जंत जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा, एकायनोकॉकस त्याचं नाव. कुत्र्याच्या आतड्यात तो हजारोंनी असला तरी कुत्र्याला फारसा त्रास होत नाही. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, मातीवर, पाण्यात, कुत्र्याच्या अंगावरच्या केसांवर पसरतात. मेंढी गवताबरोबर ती खाते. अंडं आतड्यात फुटतं, आतला कण रक्तात शिरतो आणि पहिल्यांदा यकृतात अडकतो, कारण आतड्याचं सगळं रक्त आधी तिथे जातं. म्हणून बहुतेक गाठी यकृतात होतात, त्याखालोखाल फुप्फुसात. मेंढी मेली किंवा कापली, तिचं गाठीचं काळीज कुत्र्याने कच्चं खाल्लं, की जंत परत कुत्र्यात. माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. न धुतलेल्या भाजीतून, कुत्र्याशी खेळून तसाच हात तोंडात गेल्याने अंडं पोटात जातं. मग गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहते. माझ्या गाठीला कदाचित माझ्या लहानपणापासूनचा इतिहास असेल, कदाचित नसेल. ते आता कुणीच सांगू शकत नाही, हेही डॉक्टरांनीच सांगितलं.

त्या दिवशी पू समजून सुई घातली असती तर दोन गोष्टी होऊ शकल्या असत्या. गाठीतलं पाणी रक्तात उतरलं की शरीर एकदम बिथरतं, श्वासनळी आवळते, रक्तदाब कोसळतो, आणि औषधं हाताशी नसतील तर माणूस टेबलावरच जातो. त्यातून वाचलं तरी पोटात सांडलेल्या त्या कणांपैकी प्रत्येकाची नवी गाठ होऊ शकते. पोटभर गाठी झालेले रुग्ण डॉक्टरांनी पाहिले होते. अशा वेळी पुन्हा पुन्हा ऑपरेशनं करावी लागतात आणि तरीही सगळं निघत नाही.

पुढे ओळख वाढल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, सगळी तयारी झाली होती, कुणी पाठवलेली चिठ्ठी होती, तरी तुम्ही का थांबलात? ते जे बोलले ते मी अनेकांना सांगितलं आहे. १९८४ मध्ये ते गांधी मेडिकल कॉलेजात इंटर्न होते. २ डिसेंबरची रात्र उलटून ३ तारीख लागली तेव्हा युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला आणि जुन्या भोपाळमधली माणसं डोळे चोळत, धापा टाकत हमीदियाच्या आवारात येऊन कोसळायला लागली. इंटर्न, विद्यार्थी, नर्सेस, जो हाताला लागेल तो कामाला लागला. डोळ्यांत थेंब, नाकाला ऑक्सिजन. पण हा वायू कोणता, त्यावर उतारा काय, हे डॉक्टरांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळपर्यंत प्रेतं ठेवायला जागा उरली नाही. "ज़हर का नाम तक नहीं मालूम था, और हम इलाज कर रहे थे," ते म्हणाले. त्या रात्री दुसरा इलाजच नव्हता. पण ज्या दिवशी नाव समजून घ्यायला वेळ आहे, त्या दिवशी ते कळल्याशिवाय रुग्णाच्या अंगाला सुई लावायची नाही, असं त्यांनी तेव्हापासून ठरवलं होतं. भोपाळने त्या रात्री जे भोगलं त्यातून एका पोराने घेतलेली ही शिकवण बारा वर्षांनी माझ्या कामी आली. जी माणसं त्या रात्री हमीदियाच्या फरशीवर गेली त्यांचं देणं मी कसं मोजू? तुलसीनगरपर्यंत वायू फारसा आला नव्हता, आम्ही वाचलो होतो. पण माझं दुसऱ्यांदा वाचणं त्यांच्या मरणाशी जोडलेलं आहे, हे मला विसरता येत नाही.

गाठ ओळखायची कशी, हे ज्ञानही आपोआप आलेलं नाही. यकृतात पाण्याची गाठ असते हे हिपोक्रेटीसच्या काळापासून वैद्यांना ठाऊक होतं. ती जंताची आहे आणि तो जंत कुत्र्यातून येतो हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं. १८५० च्या दशकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन सीबोल्ड यांनी मेंढ्यांच्या गाठी कुत्र्यांना खायला घातल्या आणि त्यांच्या आतड्यांत जंत वाढलेले दाखवले. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे नावाचे डॅनिश डॉक्टर आइसलँडला गेले. त्या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, घरोघरी कुत्रे, आणि या गाठींनी गावंच्या गावं बेजार. क्राबे यांनी कुत्र्यांची आतडी तपासली तर चतुर्थांशाहून अधिक कुत्र्यांत जंत निघाला. परत आल्यावर त्यांनी लोकांच्या भाषेत एक पुस्तिका लिहिली आणि १८६४ मध्ये ती आइसलँडच्या घराघरांत वाटली गेली. कुत्र्याला कच्चं काळीज घालू नका, गाठी पुरा किंवा जाळा, एवढंच तिचं सांगणं. पुढे कुत्र्यांवर कर बसला, कायदे झाले. आइसलँडची माणसं वाचायला जाणती होती, हिवाळ्याच्या लांब रात्री घरात बसून मोठ्याने वाचायची त्यांची रीत होती, म्हणून ती पुस्तिका कामी आली असं मला वाटतं. आज त्या देशात हा रोग उरलेला नाही. मेंढ्यांचाच दुसरा देश न्यूझीलंड, तिथेही कित्येक दशकं कुत्र्यांना औषध देत देत २००२ मध्ये रोग गेल्याचं जाहीर झालं.

पोट न फाडता गाठ दिसायला लागली ती सोनोग्राफीमुळे, आणि त्यातली मोलाची भर युरोप-अमेरिकेतून आली नाही. ट्युनिशियात हा रोग फार. तिथल्या हासेन घर्बी यांनी १९८१ मध्ये सोनोग्राफीत गाठ कशी कशी दिसते त्याचे पाच प्रकार मांडले. नुसतं पाणी, आतलं आवरण सुटून पाण्यात तरंगणारं, आत पिल्ल्यांच्या गाठी भरलेल्या, आतलं घट्ट झालेलं, आणि शेवटी चुना साचून मेलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये जी वर्गवारी ठरवली तिचा पाया तोच. माझ्या डॉक्टरांनी घर्बींचा तो लेख विद्यार्थी असताना वाचनालयात वाचला होता. कूस बदलायला लावून कण हलतात का बघायचं, हेही ते शिकले होते. त्याआधीच्या पिढीत कातडीखाली गाठीचं पाणी टोचून फोड येतो का पाहायचे. इटालियन डॉक्टर कासोनींच्या नावाची ती चाचणी होती. ती फसवी ठरली म्हणून मागे पडली. रक्ताची तपासणी माझीही केली, पण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की रक्तात काही सापडलं नाही तरी गाठ नाही असं म्हणायचं नाही. चित्रावर जास्त भरवसा ठेवायचा. छातीचा एक्स-रे काढला तो फुप्फुसात दुसरी गाठ नाही ना हे बघायला. नव्हती.

मग ऑपरेशन. त्याआधी काही आठवडे अल्बेंडाझोलच्या गोळ्या, चारशे मिलिग्रॅमची एक सकाळी आणि एक संध्याकाळी, म्हणजे आतले कण ऑपरेशनच्या वेळी निम्मे-अर्धे तरी मेलेले असावेत. सर्जन वयस्क होते, मोजकं बोलणारे. त्यांनी ह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं. पोट उघडल्यावर गाठीभोवती कडक मिठाच्या पाण्यात भिजवलेली फडकी खोचून घ्यायची, म्हणजे सांडलं तरी आत जाणार नाही. मग गाठीतलं पाणी काढायचं. पाण्यात पित्ताचा पिवळेपणा दिसला तर आत जंत मारायचं औषध घालायचं नाही, कारण गाठ पित्तनळीला जोडलेली असेल तर ते औषध नळ्या जाळतं. पाणी स्वच्छ असेल तरच घालायचं, थोडा वेळ ठेवून परत काढायचं, मग गाठ उघडायची. भूल देणाऱ्या बाईंनी ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवलं होतं, ते त्यांनी मला टेबलावर घ्यायच्या आधी दाखवलं. मी घाबरू नये म्हणून. रक्त लागलं तर म्हणून ह्यांच्या ऑफिसातली माणसं बाहेर रांगेत उभी होती, त्यातले काही नंतर मला ओळखही देईनात, उपकार केल्यासारखं होईल म्हणून.

पाणी स्वच्छ निघालं. आतलं आवरण सर्जननी ह्यांना बाहेर आणून दाखवलं. शहाळ्यातल्या मलईसारखं पांढरं, लुसलुशीत, अखंड निघालेलं. रिकाम्या झालेल्या पोकळीत पोटातलाच चरबीचा पडदा भरून टाके घातले. नळी काही दिवस होती. रात्रपाळीला केरळच्या एक सिस्टर होत्या. नळीतून येणारं पाणी रंगाला कसं आहे हे त्या टॉर्च घेऊन पाहायच्या आणि मोजून वहीत लिहायच्या. पित्त झिरपतंय की काय हे सगळ्यांत आधी त्यांच्या वहीत दिसलं असतं. ते दिसलं नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून रोज पहाटे कळायचं.

गोळ्या ऑपरेशननंतरही चालू राहिल्या. त्या काळी २८ दिवस घेऊन १४ दिवस थांबायचं, असे फेरे करत. आता न थांबवता सलग देतात असं डॉक्टर सांगतात. मधे मधे रक्त तपासायचं, कारण औषध यकृताला आणि पांढऱ्या पेशींना त्रास देऊ शकतं. आणि एक अट होती, गोळी स्निग्ध जेवणाबरोबर घ्यायची. तुपातेलाशिवाय ती आतड्यातून रक्तात फारशी उतरतच नाही. ऑपरेशननंतर मला तुपाचा वाससुद्धा नको झाला होता. वरणभातावर चमचाभर तूप घातलं की ताट सरकवून द्यायची. शेजारच्या क्वार्टरमध्ये आपा राहायच्या, मूळच्या बुधवाऱ्याच्या. त्यांनी ह्यांच्याकडून अट समजून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी गोळीच्या वेळेला झाकलेली ताटली घेऊन यायला लागल्या. कधी मलईवर साखर, कधी तुपात भाजलेला रव्याचा शिरा, कधी नुसता पराठा, पण आत तुपाचे थर दिलेला. आमच्या घरी शाकाहार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यासाठी त्यांनी वेगळी कढई काढून ठेवली होती, हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. रमजानच्या महिन्यात त्यांचा स्वतःचा रोजा असायचा, पहाटेची सहरी झाल्यावर त्या तोंडात पाणीही घेत नसत, तरी माझी ताटली कधी चुकली नाही. समोर बसून मी शेवटचा घास खाईपर्यंत त्या उठत नसत. "दवा तो इसी के पीछे-पीछे जाएगी," म्हणायच्या. औषधशास्त्राच्या पुस्तकात तेच लिहिलेलं आहे.

अल्बेंडाझोल हे औषध सत्तरच्या दशकात आधी जनावरांच्या जंतांसाठी बाजारात आलं, माणसाला त्याचा उपयोग नंतर झाला. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. ज्या मेंढरांच्या फेऱ्यात मी सापडले, त्यांच्याच औषधाने बरी झाले.

काही वर्षांनी डॉक्टरांनी मला बोलावणं धाडलं. बेरसियाकडच्या एका शाळकरी मुलाच्या यकृतात तशीच गाठ होती, आई फार घाबरली होती, तिच्याशी बोलाल का म्हणून. मी गेले. या वेळी डॉक्टर ऑपरेशन करायला सांगत नव्हते, सुईनेच उपचार करणार होते. मी चकित झाले. ही पद्धतही ऐंशीच्या दशकात ट्युनिशियातच रूढ झाली. आधी गोळ्यांचं कवच द्यायचं, मग सोनोग्राफीत पाहत यकृताच्या जाड भागातून सुई गाठीत न्यायची, पाणी काढायचं, त्यात पित्त नाही हे तपासायचं, मिठाचं कडक पाणी किंवा अल्कोहोल सोडायचं, थोडा वेळ थांबून परत ओढून घ्यायचं. भूलतज्ज्ञ शेजारी, औषधं भरून तयार. योग्य प्रकारची गाठ असेल तर पोट फाडावं लागत नाही. मेलेली, चुना साचलेली गाठ असेल तर तिला हात न लावता नुसती वर्षावर्षाला पाहत राहायची. मी डॉक्टरांना म्हटलं, माझ्या वेळी तुम्ही हीच सुई खाली ठेवली होतीत. ते म्हणाले, "उस दिन गोली का कवच नहीं था, बेहोशी वाले नहीं थे, और मुझे मवाद कहकर सुई पकड़ाई गई थी. आज सब जानकर लगा रहा हूँ." मुलगा त्याच आठवड्यात घरी गेला. त्याच्या आईला मी माझा जुना व्रण दाखवला होता, ती तेवढ्यानेच शांत झाली.

देणं फेडायचं तर कुठून सुरुवात करायची, हा प्रश्न मी जहांगीराबादच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, माणसाचं ऑपरेशन शेवटी येतं, आधी कुत्र्याची गोळी आणि खाटकाचा कचरा. प्राझीक्वांटेलची गोळी कुत्र्याच्या आतड्यातला हा जंत मारते, पण वर्षातून निदान चारदा तरी द्यायला हवी. कोकरांसाठी लस तयार झाली आहे, ऑस्ट्रेलियातल्या मार्शल लाइटोलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली. आणि काळीज अर्धा-पाऊण तास उकळलं की आतले कण मरतात.

पारनेरला दादाच्या शेतात अजूनही दिवाळीनंतर मेंढरं बसतात. माझ्या लहानपणी यायचा त्याच मेंढपाळ घरातला वाडा, आता नातवांच्या हाती. मेंढरांच्या लेंड्यांनी आमचं रान पिकलं, त्यांच्या कुत्र्यांनी लांडग्यांपासून मेंढरं राखली, आणि त्याच कुत्र्यांच्या गळ्यात हात घालून मी खेळले. त्या लोकांवर बोट ठेवण्याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नाही. मी वाड्यावर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. म्हातारे बाबा म्हणाले, "काळजात पाण्याचे फुगे निघत्यात, ते आम्हाला काय नवं नाही. खायच्या कामाचं नसतं, म्हणून कुत्र्यापुढं टाकायचं." मी म्हटलं, पुरून टाका. ते हसले नाहीत, विचार करून म्हणाले, "माळावर हातभर माती नाही, ताई. पुरलेलं रातीत कुत्रं उकरतं." मग उकळून घाला म्हटलं, तर सरपणाचा प्रश्न. त्यांची नातसून इतका वेळ कोकराला पाजत ऐकत होती. ती म्हणाली, "उकळून घालू. सांजच्याला भाकरी झाल्यावर चुलीत इंगळ असतोच. पण कुत्रं उपाशी ठेवायचं नाही." मेंढरू रोज कापत नाहीत, तेव्हा सरपण पुरेल, हेही तिनेच सांगितलं. तिने जर्मनचं एक जुनं पातेलं त्या कामाला वेगळं काढलं.

गोळीचं ठरवायला तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा तिने त्यांना विचारलं, गोळीने किडा मरतो, मग त्याची अंडीही मरतात का? मला हा प्रश्न सुचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, मरत नाहीत, गोळीनंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याला बांधून ठेवून विष्ठा जाळावी लागते. ती म्हणाली, वाटेवर असताना कुत्रं बांधलं तर रातीला लांडगा मेंढरू नेईल. पावसाळ्यात वाडा गावी परत आल्यावर मेंढरं दगडी कुंपणात असतात, तेव्हा कुत्री बांधता येतात. म्हणून पहिल्या दोन गोळ्या पावसाळ्यात द्यायच्या, आषाढाच्या सुरुवातीला एक आणि भाद्रपद संपताना दुसरी, आणि वाटेवरच्या दोन गोळ्यांना एका वेळी एकच कुत्रं बांधायचं, असं तिने ठरवून दिलं. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.